पडद्याचा आकार बघा, मग तिकीट काढा : कोकणातून आयमॅक्स-डॉल्बी बघायला निघणाऱ्यांसाठी

मी कुडाळचा. आमच्याकडून आयमॅक्सला पिक्चर बघायला जायचं म्हणजे रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, शो, मग परत रात्रीची गाडी, दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून कामावर. मुंबईकर जसा "चल संध्याकाळी टाकून येऊ" म्हणतो तसं आपलं नाही. तिकिटाचे पैसे, गाडीचे पैसे, एक रजा आणि घरच्यांची बोलणी एवढं सगळं लावून आपण जातो, त्यामुळे चुकीच्या पिक्चरला चुकीच्या थेटरात बसलो की जास्त लागतं.

माझं पहिल्याच वेळी तसं झालं. मोठ्या हौसेने एक हिंदी ॲक्शन पिक्चर आयमॅक्सला बघायला गेलो, आत शिरल्यावर पडदा बघून छाती भरून आली, आणि पिक्चर सुरू झाला तर वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी, मधल्या भागात पिक्चर. मला वाटलं ऑपरेटरचं काहीतरी चुकलं, इंटरव्हलला जाऊन तिथल्या पोराला सांगितलंसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, "दादा, पिक्चर असाच आहे." घरी येऊन काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मेल्या, पडदो तो पडदो, तेका इतके पैसे कशाक?" तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, आणि तुमचे पैसे वाचावेत म्हणून लिहितोय.

१. आधी आकार समजून घ्या, नाव नंतर

पडदा किती मोठा हे सगळे विचारतात, पण पडदा कुठल्या आकाराचा हे कोणी विचारत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. आकार म्हणजे रुंदी भागिले उंची. त्याला ॲस्पेक्ट रेशो म्हणतात. तुम्हाला चारच आकडे लक्षात ठेवायचेत:

- २.३९ : याला स्कोप म्हणतात. लांबट, बुटका. पडवीत बसून अंगणाकडे बघितल्यावर वर पागोळ्या आणि खाली जोतं यांच्या मधून जेवढं दिसतं तसा. आपले बहुतेक मोठे हिंदी, तेलुगू ॲक्शन पिक्चर यातलेच. भारतात सिनेमास्कोप १९५९ मध्ये 'कागज के फूल' पासून आलं.
- १.८५ : याला फ्लॅट म्हणतात. घरच्या टीव्हीच्या जवळपास.
- १.९० : आजकालच्या डिजिटल आयमॅक्सचा आकार. फ्लॅटच्या अगदी जवळचा, हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो.
- १.४३ : मूळ फिल्मवरच्या आयमॅक्सचा आकार. जवळजवळ जुन्या डब्बा टीव्हीसारखा चौकोनी, पण अवाढव्य उंच.

आता हिशोब करा. समजा पडदा ६० फूट रुंद आहे. त्यावर स्कोप पिक्चर लावला तर उंची येते २५ फूट. १.९० चा लावला तर साडेएकतीस फूट. आणि १.४३ चा लावला तर ४२ फूट, म्हणजे चार मजली बिल्डिंग. रुंदी तीच, पण स्कोपपेक्षा १.९० मध्ये साधारण २६ टक्के चित्र जास्त. आयमॅक्सच्या जाहिरातीत "२६ टक्के जास्त पिक्चर" असतं ना, ते हेच. पण हे जास्तीचं चित्र पिक्चरमध्ये असायला पाहिजे. ते शूटच केलेलं नसेल किंवा रिलीज करताना उघडलेलं (म्हणजे वरचा-खालचा झाकलेला भाग दाखवलेला) नसेल तर आयमॅक्सच्या पडद्यावरही स्कोपच दिसणार, काळ्या पट्ट्यांसकट. माझं पहिल्या वेळी झालं ते हेच.

घरी करून बघायचं असेल तर मोबाईल आडवा धरा. हल्लीचे फोन बरेच लांबट असतात, त्यावर जुना टीव्हीवरचा व्हिडिओ लावला की दोन्ही बाजूला काळं दिसतं, आणि टीव्हीवर स्कोप पिक्चर लावला की वर-खाली काळं दिसतं. थेटरातही अगदी हेच चालतं.

आणि साध्या थेटरातही दोन जाती आहेत, हे फार कमी लोकांना माहीत असतं. एका जातीत पडदा स्वतःच स्कोपसारखा लांबट असतो, तिथे फ्लॅट पिक्चर लागला की बाजूला काळं राहतं, उंची तीच राहते. दुसऱ्या जातीत पडदा फ्लॅट आकाराचा असतो, तिथे स्कोप पिक्चर लागला की वर-खाली काळं येतं आणि पिक्चर चक्क लहान होतो. नवीन मल्टिप्लेक्समध्ये ही दुसरी जात खूप आहे. पूर्वी बाजूचे काळे पडदे सरकवून उरलेली जागा झाकायचे, टायटल सुरू व्हायच्या आधी ते पडदे सरकताना बघायला काय मजा यायची. आता बरेच जण ते करत नाहीत, करडी पट्टी तशीच दिसत राहते आणि काळोखाच्या सीनमध्ये ती डोळ्यात खुपते.

२. नावांची जत्रा

आयमॅक्स. कॅनडाची कंपनी. १९७० च्या ओसाका एक्स्पोमध्ये पहिल्यांदा दाखवलं. मूळ आयमॅक्समध्ये ७० एमएमची फिल्म आडवी पळते, एका फ्रेमला फिल्मच्या कडेची पंधरा भोकं, त्यामुळे एक-एक फ्रेम भलीमोठी. 'ओपनहायमर' ची अशी प्रिंट सुमारे २७० किलोची आणि ११ मैल लांब होती. हैदराबादला असं फिल्मवरचं आयमॅक्स पूर्वी होतं. वडाळ्याला २००१ मध्ये सुरू झालेलं आयमॅक्स तर घुमटाच्या आकाराच्या पडद्याचं होतं, शाळेच्या सहलीत ते बघितलेले माझ्या वयाचे लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. पण आज मुंबई-पुण्यात जे आयमॅक्स बघाल ते डिजिटल आहे, १.९० चं. त्यात दोन प्रकार आहेत, जुना झेनॉन दिव्याचा प्रोजेक्टर आणि नवा लेझर. लेझर असेल तर पैसे टाका. उजेड जास्त, रेझोल्यूशन ४के, आवाज बारा चॅनलचा. नुसतं 'आयमॅक्स' लिहिलंय की 'आयमॅक्स विथ लेझर' ते तिकीट काढताना नीट बघा, एका शब्दाचा फरक आहे पण आत गेल्यावर कळतो.

डॉल्बी. इथे आपला मराठी माणूस हमखास गडबडतो कारण आपल्याकडे डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली भिंत, जिच्यासमोरून गेलं की बरगड्या हलतात. ते विसरा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉल्बी ॲटमॉस हा फक्त आवाज आहे, २०१२ मध्ये आला, छतालाही स्पीकर असतात, पाऊस पडला की खरंच डोक्यावर कौलं वाजल्यासारखी वाटतात. तो साध्या थेटरातही असू शकतो. डॉल्बी सिनेमा म्हणजे अख्खा हॉलच त्यांनी सांगितल्याप्रमाणे बांधलेला, ॲटमॉस आवाज अधिक दोन लेझर प्रोजेक्टरचं डॉल्बी व्हिजन. भारतातला पहिला पुण्यात, खराडीला, २०२५ मध्ये सुरू झाला. यात खरी कमाई काळ्या रंगाची आहे. साध्या थेटरात काळा म्हणजे गडद राखाडी असतो, इथे काळा म्हणजे अमावस्येला लाईट गेल्यावर परसात असतो तसा काळोख. आणि उजेडाचं म्हणाल तर साध्या थेटराचं ठरलेलं माप १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक), इथे ३१ पर्यंत जातं. पण लक्षात ठेवा, आयमॅक्ससाठी जो उंच आकार उघडतात तो डॉल्बीत बहुतेक वेळा मिळत नाही, तिथे नेहमीचाच स्कोप लागतो. म्हणजे उंची हवी तर आयमॅक्स, रंग आणि काळोख हवा तर डॉल्बी. मला स्वतःला रात्रीचे सीन जास्त असलेला पिक्चर डॉल्बीतच बघायला आवडेल.

फोरडीएक्स. कोरियातल्या कंपनीचं. खुर्ची हलते, वारा येतो, पाणी उडतं, वास येतो, धूर येतो. चार-चार खुर्च्यांचा एक संच एकत्र हलतो. हाताजवळ पाणी बंद करायचं बटण असतं, चष्मेवाल्यांनी ते बसल्या बसल्याच दाबावं. पाठीचा त्रास, गरोदरपण, अगदी लहान मुलं, या तिन्हींना हे नको, उंचीची अट बाहेर बोर्डावर असते ती वाचा. आणि तुम्ही जर मुंबई-गोवा हायवेने रात्रभर एसटीत बसून पोचला असाल तर फोरडीएक्स तुमचं फुकटात झालेलंच आहे, परत कशाला पैसे घालवताय.

स्क्रीनएक्स. समोरचा पडदा अधिक दोन्ही बाजूच्या भिंती, २७० अंश. सगळा पिक्चर तसा नसतो, ठरावीक सीनलाच भिंती उजळतात. पुढे बसलात तर भिंतीवरचं काही धड दिसत नाही, मागे मधोमध बसा. एकदा गंमत म्हणून ठीक.

मग उरतात त्या-त्या चेनचे स्वतःचे मोठे हॉल, पीएक्सएल, बिगपिक्स, मॅक्रो एक्सई वगैरे. हे वाईट नसतात, उलट कधीकधी पैसे वसूल इथेच होतात, कारण पडदा मोठा, आवाज ॲटमॉस आणि दर आयमॅक्सपेक्षा कमी. आणि मोठा पडदा म्हणजे मोठं शहरच पाहिजे असंही नाही हां, आंध्रात सुल्लूरपेटासारख्या लहान गावात २०१९ पासून १०० फूट रुंद पडद्याचं थेटर चालू आहे. आमच्या सिंधुदुर्गात कोणी मनावर घेईल का देव जाणे.

रिक्लायनर, सोफा, ब्लँकेट, सीटवर जेवण असलं 'लक्झरी' क्लास हा पिक्चरचा फॉरमॅट नाहीये. तो खुर्चीचा फॉरमॅट आहे. बऱ्याचदा त्या हॉलचा पडदा सगळ्यात लहान असतो. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस रिक्लायनरवर आडवा झाला की काय होतं हे मी सांगायला नको, मी एकदा इंटरव्हलनंतरचं काहीच बघितलेलं नाही.

३. तुमचा पिक्चर कुठल्या आकाराचा आहे ते शोधा

पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं. आयएमडीबी या पिक्चरची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर पिक्चरचं पान उघडा, खाली टेक्निकल स्पेक्स मध्ये ॲस्पेक्ट रेशो दिलेला असतो. तिथे फक्त २.३९ असेल तर आयमॅक्सचा उंच पडदा तुमच्या काही कामाचा नाही, मोठ्या स्कोप पडद्यावर ॲटमॉसमध्ये बघा. तिथे १.९० असेल आणि कंसात आयमॅक्स लिहिलं असेल तर जा. 'ॲव्हेंजर्स: एंडगेम' आयमॅक्समध्ये पूर्ण १.९० होता. काही पिक्चर मध्ये-मध्ये उघडतात, उदाहरणार्थ २०२५ चा 'सिनर्स' एका सीनला २.७६ इतका लांबट आणि दुसऱ्या सीनला पडदाभर, तो बदल होताना अंगावर काटा येतो. २०१३ चा 'धूम ३' आयमॅक्समध्ये आलेला पहिला भारतीय पिक्चर, पण आयमॅक्समध्ये लागणं आणि आयमॅक्ससाठी उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही गाठ मनाशी मारून ठेवा.

थ्रीडी आहे का तेही बघा. चष्म्यामुळे उजेड बराच कमी होतो. टूडीचा शो असेल तर मी तोच घेतो. आणि भाषा! इंग्रजी पिक्चरचा हिंदी शो त्याच हॉलला दुसऱ्या वेळेला असतो, घाईत चुकीचा बटण दाबला जातो.

४. कुठे उतरायचं

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांसाठी माझा हिशोब असा. सीएसएमटीला उतरणार असाल तर चर्चगेट स्टेशनसमोरचं इरॉस. १९३८ ची आर्ट डेको इमारत, २०२४ मध्ये ते आयमॅक्स म्हणून परत उघडलं, लेझर आहे. सीएसएमटीहून चालत जाता येतं, सामान नसेल तर. दादरला उतरलात तर लोअर परळचं आयमॅक्स जवळ. ठाण्याला उतरलात तर हायवेवरच्या मॉलमधलं. डॉल्बी सिनेमासाठी पुणे, तिकडे रत्नागिरी-कोल्हापूरवरून एसटीच बरी पडते. सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या लोकांना पणजी जवळ, तिथल्या आयनॉक्सला २००४ पासून इफ्फीचे (गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे) पिक्चर दाखवतात, साध्या पडद्यावर पण काळजीपूर्वक दाखवलेला पिक्चर बघायचा असेल तर नोव्हेंबरात तिकडे जा.

५. सीट

बुकिंग ॲपवर सगळ्यात मागची रांग आधी भरते कारण आपल्याला लहानपणापासून बाल्कनी म्हणजे भारी हे शिकवलंय. मोठ्या पडद्याचे पैसे भरून शेवटच्या रांगेत बसणं म्हणजे समुद्र बघायला मालवणला जाऊन लॉजच्या खिडकीतून बघण्यासारखं. सोपा नियम: पडदा जेवढा रुंद, साधारण तेवढ्याच अंतरावर बसा. आयमॅक्समध्ये हे बहुतेक मधल्या रांगांपासून थोडं मागे येतं. साध्या हॉलमध्ये पडद्यापासून दोन तृतीयांश मागे, मधोमध. आवाजही तिथेच नीट जुळतो. कडेची सीट नको, विशेषतः थ्रीडीच्या चंदेरी पडद्यावर, कडेने बघितलं की पलीकडची बाजू काळपट दिसते. पहिल्या तीन रांगा फुकट दिल्या तरी घेऊ नका. दशावताराला पुढे चटईवर बसलेली पोरं शंकासुराला घाबरून मागे सरकतात ना, तसं इथे सरकता येत नाही.

६. गाडी आणि शोची वेळ

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पिक्चर तीन तासांचा असेल तर जाहिराती आणि इंटरव्हल धरून साडेतीन धरा. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास सुटते, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या पुढचा शो घेऊ नका. तुतारी दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, आणि इथे मी स्वतः मार खाल्लाय. बारा वाजून गेले की तारीख बदलते. मी शनिवारी रात्रीची समजून शनिवारचं तिकीट काढलं, शनिवारी रात्री थाटात दादरला पोचलो तर माझी गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली. पहाटेपर्यंत प्लॅटफॉर्मवर बसलो, मग जनरलच्या डब्यात उभं राहून चिपळूणपर्यंत. चूक माझीच, कोणाला बोलणार.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान गाडी कधी सुटते ते जुन्या आठवणीवर ठरवू नका. गणपतीत मुंबईकडे जाताना गाडी रिकामी मिळेल, पण परतीचं विसरा. शक्यतो मंगळवार-बुधवार धरा, तिकिटाचे दर कमी असतात आणि मधल्या सीटही मिळतात.

७. सोबत काय घ्यायचं

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र. गाडीत लागतंच, आणि पिक्चर 'ए' सर्टिफिकेटचा असेल तर दारावर अठरा वर्षांचा पुरावा मागतात. मिसरूड फुटलेल्या भावाला घेऊन जाणार असाल तर त्याचंही घ्या. २०२४ पासून यूए मध्ये ७+, १३+, १६+ असे प्रकार आलेत, ते पालकांना अंदाज यावा म्हणून आहेत.
- तिकिटाचा स्क्रीनशॉट. मॉलच्या आत रेंज जाते.
- बॅगेला कुलूप. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि मोठी बॅग थेटरात घेत नाहीत.
- पातळ स्वेटर. आपल्याला तिथला एसी सोसत नाही.

काय घ्यायचं नाही तेही सांगतो. आईने मावशीला द्यायला सुक्या बांगड्यांची पिशवी दिली होती. मी म्हटलं पिक्चर बघून मग जाऊ मावशीकडे. दारावरच्या सिक्युरिटीने बॅग उघडली, नाक मागे घेतलं, साहेबांना बोलावलं, साहेबांनी अजून एकाला बोलावलं. मागे लाईन लागलेली. शेवटी त्यातलाच एक राजापूरचा निघाला, त्याने पिशवी बाहेर आपल्या खुर्चीखाली ठेवून घेतली. परत निघताना त्याला चार बांगडे द्यावे लागले, ते त्याने नको नको म्हणत घेतले. तर आधी मावशी, मग पिक्चर.

८. जाणं जमणारच नसेल तर

आपल्या जवळच्या थेटरातही निवड करता येते. एकदा जाऊन बघून या की पडदा स्कोप आकाराचा आहे की फ्लॅट. स्कोप असेल तर मोठे ॲक्शन पिक्चर तिथे, फ्लॅट असेल तर १.८५ चे पिक्चर तिथे. कणकवली, रत्नागिरी, चिपळूण असे दोन-तीन हॉल एकदा बघून ठेवलेत की दर वेळी मुंबई गाठावी लागत नाही. चित्र अंधुक वाटलं किंवा आवाज फाटत असेल तर इंटरव्हलला जाऊन शांतपणे सांगा. लहान गावात मालक स्वतःच काउंटरवर असतो, ऐकतो. आमच्या इथल्याने तर "ये वर, तूच बघ" म्हणून मला केबिनमध्ये नेलं, तर पुढच्या काचेवर धुळीचा थर होता. फडक्याने पुसली आणि उरलेला पिक्चर झकास दिसला.